साडूची गाडी

दोन साडू होते. थोरला नगरला कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा, धाकटा पुण्यात नोकरीला. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून धाकट्याच्या डोक्यात एकच खूळ. शेवटी त्याने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत झोपायचे बाक, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली, टपावर सोलर टाकला आणि मे अखेरीला काजवे बघायला बायकापोरांसह भंडारदरा गाठला.

शेंडी मागे टाकून तो रतनवाडीच्या रस्त्याला लागला. उन्हाळ्यात जलाशय पार खाली गेलेला असतो. १९२६ साली पूर्ण झालेलं हे प्रवरेवरचं धरण भरलं की अकरा टीएमसी पाणी साठवतं, पण मे महिन्यात बघावं तर नुसता उघडा तळ. भेगाळलेला सपाट गाळ आणि त्याच्या टोकाला पाण्याची निळी कड. धाकट्याला हवी होती ती नेमकी हीच जागा. दार उघडलं की पुढ्यात पाणी!

गुरं घेऊन घराकडे निघालेले एक बाबा थांबले.

“इथं लावताय जनू?”

“हो. काही हरकत?”

“हरकत कसली. पन ती वरची मुरमाड जागा बघा. ओहोळापासून बाजूला हाये, झाड बी वाळकं न्हाई.”

“तिथून पाणी लांब पडतं, बाबा.”

“आत्ता लांब हाये. पंधरा ऑगस्टच्या आसपास धरान भरलं की पानी त्या जांभळीपाशी येतं. तुमी हुबं हाय तिथं तवा चार परस पानी.”

धाकटा हसला. “आज कुठं ऑगस्ट आहे?”

बाबांनी वाद घातला नाही. काठीचं टोक भेगेत घालून एक ढेकूळ उपटलं. वरची चार बोटं वाळून कडक झालेली, खाली काळा, चिकट, ओला गाळ. “वरून पापडी, खाली खीर,” एवढंच म्हणाले. मग जाताना थोडे मागे वळले, “रातच्याला गाडीचे दिवे तेवढे बंद ठिवा. उजेडात काजव्याला मादी दिसत न्हाई.”

दिवे बंद ठेवण्याचं त्याने ऐकलं. जागेचं नाही ऐकलं.

आणि झालं काय? काहीही नाही. रात्र कोरडी गेली. वाऱ्याची झुळूक, पलीकडे रतनगडाची काळी आकृती, चढावर हिरडा-सादड्यावर काजव्यांची लखलख. सगळं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. पोरं गाडीच्या पायरीवर बसल्या बसल्याच झोपली. सकाळी चहा झाला, गाडी एका चावीत सुरू झाली आणि खड्ड्याबिड्ड्याशिवाय रस्त्यावर आली. अशा वेळी माणसाला वाटतं, आपली पारख बरोबर होती. धाकट्यालाही वाटलं. पुढचा आठवडाभर तो प्रत्येकाला फोटो दाखवून सांगत होता, “गावातली माणसं उगाच घाबरवतात. मी अगदी पाण्याला चिकटून लावली होती.”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात थोरल्याने गाडी मागितली. धाकट्याने किल्ली दिली आणि मोबाइलवर त्या जागेची खूणही धाडली. आता थोरल्याला कुणाला विचारायची गरजच उरली नाही. बाबांनी बांधावरून हात हलवून काहीतरी ओरडून सांगितलं; थोरल्यानेही उलट हात हलवला. त्याला वाटलं, राम राम घालताहेत.

मधल्या दिवसांत वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या होत्या. वरून गाळ पुन्हा सुकलेला, त्यामुळे नजरेला फरक कळत नव्हता. संध्याकाळी रतनगडावर ढग बसला आणि जेवणं उरकायच्या आत पाऊस सुरू झाला. धरण काही एका रात्रीत भरत नाही, त्यामुळे बुडण्याचं भय नव्हतं. पण चढावरचं पाणी तळाकडेच धावतं. मध्यरात्री गाडी एका अंगाला कलली. शेगडीवरचं पातेलं घसरलं, मुलगी बाकावरून खाली आली. थोरल्याने गाडी चालू करून गिअर टाकला. चाक जागेवर फिरलं आणि आणखी खाली गेलं. जितका ॲक्सिलेटर दाबावा तितका गाळ मऊ. अडीच वाजता मागचं चाक निम्मं दिसेनासं झालं होतं.

पहाटे बाबाच ट्रॅक्टर घेऊन आले, म्हणजे त्यांच्या पुतण्याचा. पुतण्याने ट्रॅक्टर गाळात घालायला साफ नकार दिला. तो वर मुरमावर उभा केला, वायररोप खाली सोडला, चाकापुढे दगड आणि तोडलेली झुडपं टाकली. दोनदा रोप सुटला. तिसऱ्यांदा गाडी फसफसत बाहेर आली, बंपर मात्र गाळातच राहिला.

तेवढ्यात धाकट्याचा फोन. “अरे, असं कसं झालं? मला तर काहीच झालं नव्हतं!”

थोरला चिखलाने बरबटलेला, उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हता. पुतण्या रोप गुंडाळत म्हणाला, “साहेब, गाडी कुनाची?”

“साडूची.”

“मंग पैसं कोन देनार, तुमी का साडू?”

थोरल्याने फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्या हातात दिला.