उघड्या कचऱ्यावर पोसलेले प्राणी

भारतीय शहरांतल्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास वाटा ओल्या कचऱ्याचा असतो: भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेला भात, शिळी पोळी, मासळीची डोकी, कोंबडीची कातडी. पालिकेच्या हिशेबात हा माल टनांत मोजला जातो आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च रुपयांत. प्राण्यांच्या लेखी मात्र ते अन्न असते, आणि तेही ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, शिकारीचे कष्ट न घेता मिळणारे. असे अन्न जिथे मिळते तिथे ते खाणारे जमतात, त्यांची पिल्ले जगतात आणि त्यांना खाणारे त्यांच्या मागोमाग येतात. एखाद्या गावाच्या आसपास कोणते प्राणी वाढतील आणि कोणते हटतील, हे बऱ्याच अंशी तिथला कचरा उघड्यावर पडतो की नाही यावर ठरते. प्रशासनाने कचरा घनकचरा विभागाकडे, बिबट्या वनखात्याकडे आणि श्वानदंश आरोग्यखात्याकडे सोपवला असला, तरी तिन्ही प्रश्नांचा माग काढला तर तो गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ढिगापाशी येऊन थांबतो.

रात्रीची जेवणे उरकल्यावर गाठ मारून कोपऱ्यावर टाकलेल्या पातळ पिशवीचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. अंधारात पहिल्यांदा घुशी आणि उंदीर येतात. मग कुत्री पिशवी फाडून हाडे आणि पोळी काढून नेतात, उजाडल्यावर कावळे आणि घारी उरलेसुरले वेचतात. यांच्यापैकी बहुतेकांना पिशवी बाजूला सारून अन्न तेवढे उचलता येते; गायीला ते साधत नाही. गाय चारा जिभेने ओढून घेते आणि फारसा न चावता गिळते, त्यामुळे मिठाचा आणि अन्नाचा वास लागलेली पिशवी सगळीच्या सगळी पोटात जाते. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या दोन कप्प्यांतून पुढे जाणारी वाट इतकी अरुंद असते की प्लॅस्टिक पचतही नाही आणि पुढेही सरकत नाही. पिशव्यांवर पिशव्या साचून त्यांचा दोरखंडासारखा पिळलेला गोळा होतो, भूक मंदावते, दूध आटते, पोट फुगू लागते. कचऱ्यातली तार किंवा खिळा दुसऱ्या कप्प्यात अडकला, तर तो पोट भेदून शेजारच्या हृदयापर्यंत पोहोचू शकतो. डाव्या कुशीला छेद देऊन पशुवैद्य असे गोळे बाहेर काढतात, तेव्हा त्यांचे वजन कित्येक किलो भरते.

उरलेले अन्न जनावरांना घालण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. गोग्रास, काकबळी, वैश्वदेव या आचारांत माणसाच्या ताटातला वाटा इतर जिवांसाठी काढून ठेवलेला असे. परसातल्या उकिरड्यावर शेण, राख, पालापाचोळा आणि खरकटे कुजून मिरगाच्या आधी शेतात जाई. ही व्यवस्था निर्मळ होती असे म्हणता येणार नाही. माश्या आणि रोगराई तिथेही होतीच. पण उकिरड्यावर पडणारे जवळपास सगळे कुजणारे होते आणि मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की गिधाडे ते संपवत असत. गेल्या चार-पाच दशकांत यातल्या दोन्ही गोष्टी बदलल्या. खरकट्याला प्लॅस्टिकचे वेष्टण मिळाले आणि गिधाडे नाहीशी झाली.

गिधाडांचा ऱ्हास भारतीय उपखंडात १९९०च्या दशकात सुरू झाला. पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि सडपातळ चोचीचे अशा तीन जातींची संख्या काही वर्षांत पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले: गुरांना वेदना आणि सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित झाल्या, आणि २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन ही औषधेही गुरांसाठी बंद झाली. मुंबईत मलबार हिलवरच्या दखम्यात पारशी समाजाला गिधाडांअभावी मृतदेहांच्या विल्हेवाटीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रणेचा आधार घ्यावा लागला.

गिधाडांची रिकामी झालेली जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. हा बदल आरोग्याला महागात पडला. गिधाडाच्या जठरातले आम्ल अतिशय तीव्र असते आणि सडलेल्या मांसातले बहुतेक जंतू त्यात मरतात. कुत्रा तेच मांस निम्मे खातो, निम्मे पसरतो आणि रेबीजचा वाहक ठरतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत तो कुत्र्यामार्फत येतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार, गिधाडे घटल्यामुळे १९९२ ते २००६ या काळात देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले. असे आकडे अंदाजाचे असतात आणि त्यांच्यावर वाद होऊ शकतो. पण कारणपरंपरा पक्की आहे: खाणारा एक गेला, अन्न तसेच राहिले, आणि ते दुसऱ्याने खाल्ले.

कुत्री वाढली की बिबट्या जवळ येतो. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली. वजनाच्या हिशेबाने बिबट्यांच्या आहारात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही चित्र असेच आहे. उद्यानाच्या कुंपणाला लागून झोपड्या, इमारती, हॉटेले आणि तबेले आहेत; त्यांच्या कचऱ्यावर कुत्री आणि डुकरे जगतात आणि रात्री बिबट्या त्यांच्यासाठी जंगलातून उतरतो. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. इतर ठिकाणी पकडलेले बिबटे इथे आणून सोडणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते. त्या अनुभवातून वनखात्याने आणि नागरिकांनी जे उपाय पुढे आणले, त्यांत पिंजऱ्यांपेक्षा वस्तीतला कचरा उचलणे, उजेडाची सोय करणे आणि मुलांना अंधारात एकटे न सोडणे यांवर भर होता.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा अंदाज मांडला गेला, की या उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री मारतात आणि त्यामुळे सुमारे हजार श्वानदंश टळतात. म्हणजे बिबट्या नकळत आरोग्यसेवकाचे काम करतो. यावरून कुत्री आणि कचरा आहे तसा राहू द्यावा, असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे ठरेल. माणसाच्या उंबऱ्यापाशी भक्ष्य शोधणारा बिबट्या कधी ना कधी माणसासमोर येतोच आणि त्याची किंमत गरीब वस्तीतले मूल किंवा तो बिबट्या चुकवतो. उलट टोकाला जाऊन सगळी कुत्री एकाएकी हटवली, तर भुकेला बिबट्या शेळ्या-वासरांकडे वळू शकतो. वर्षानुवर्षांच्या उघड्या अन्नावर उभे राहिलेले हे नाते हळूहळू सोडवावे लागेल, आणि त्याची सुरुवात अन्नापासून करणे शहाणपणाचे आहे.

माळरानांना आणि किनाऱ्यालाही ही झळ बसते. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत कुक्कुटपालन केंद्रांतल्या मेलेल्या कोंबड्या अनेकदा माळावर फेकल्या जातात. त्यांच्यावर कुत्री, लांडगे आणि तरस एकाच जागी येतात. कुत्र्यांचे रोग लांडग्यांपर्यंत पोहोचण्याची वाट अशी मोकळी होते. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्धही झाले आहे. रोगाने लांडगा मरतो. संकराने त्याची जात विरघळत जाते. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकाऱ्यांना कुत्र्यांच्या टोळ्यांचा त्रास आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवण्याचे काम ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांसह सुरू केले. तिथे माणसांच्या चोरीइतकाच कुत्र्या-कोल्ह्यांपासून घरट्यांचा बचाव करावा लागतो, म्हणून अंडी जाळीच्या कुंपणात हलवली जातात. घाटरस्त्यांवर वाटसरू वेफर्स आणि बिस्किटे फेकतात, माकडे रस्त्यावर येऊन बसतात, वाहनांखाली येतात, हातातल्या पिशव्या ओढू लागतात. मग तीच माकडे उपद्रवी ठरवून पकडली जातात.

कचरा गावाबाहेर नेऊन टाकणे हा आजवरचा रूढ उपाय आहे. त्याने ढीग फक्त जागा बदलतो. मुंबईचे देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर काही दिवस पूर्व उपनगरांवर राहिला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा हवेविना दबून राहिला की त्यातून मिथेन निर्माण होतो. तो जळाऊ असल्याने अशा आगी विझूनही पुन्हा पेटतात. या ढिगाच्या कडेलाच ठाणे खाडी आणि तिची खारफुटी आहे. त्याच खाडीत हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये ती रोहित अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पुण्याच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा आपल्या उंबऱ्यावर येऊ देण्यास वर्षानुवर्षे विरोध केला. त्यांच्या विहिरींचे पाणी बिघडले होते, त्यामुळे त्या विरोधाला भावनेपलीकडचा आधार होता.

भटक्या कुत्र्यांवरची सध्याची चर्चा दोन गटांत अडकली आहे. एक गट कुत्री पकडून न्या म्हणतो, दुसरा त्यांना खाऊ घालणे हा भूतदयेचा धर्म मानतो. कायद्याने मधली वाट धरली आहे. २००१ चे आणि नंतर २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडायला सांगतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. लसीकरण अत्यावश्यक आहेच. पण निर्बीजीकरणाने जन्म थांबतात, अन्न थांबत नाही. ज्या कोपऱ्यावर रोज बादलीभर खरकटे पडते, तिथली कुत्री कमी झाली तरी शेजारच्या भागातली त्या जागी येतात. अन्नाचा हा मुद्दा दोन्ही गटांच्या वादात मागे पडतो.

म्हणून पहिले काम घरातच करायचे आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा वेगळा देणे प्रत्येक कुटुंबाला बंधनकारक झाले आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्या आवारातच जिरवावा असे ठरले. घरगुती खत करण्यात गूढ काही नाही. भोके पाडलेल्या बादलीत ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा टाकायचा, आठवड्यातून एक-दोनदा वरखाली करायचे. वास येऊ लागला तर ओलावा जास्त झाला असे समजून कोरडे घालायचे. दीड-दोन महिन्यांत मातीचा गंध असलेले काळे खत तयार होते. मासळी-मटणाचे अवशेष सुरुवातीला यात न घालता झाकणबंद डब्यात ठेवून घंटागाडीच्या वेळेलाच द्यावेत.

घराबाहेरची जबाबदारी मोठी आहे आणि ती नागरिकांच्या शिस्तीवर ढकलता येत नाही. मटण-मासळी बाजार, कोंबडी विक्रेते, मंगल कार्यालये आणि हॉटेले एका जागी जेवढे मांसल अवशेष टाकतात, तेवढे शेकडो घरे मिळून टाकत नाहीत. त्यांच्यासाठी रात्र पडण्याआधी उचलणारी स्वतंत्र गाडी आणि बंदिस्त प्रक्रिया हवी. घंटागाडी वेळेवर न येणाऱ्या भागात पिशवी कोपऱ्यावर पडणारच. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’तून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचे काम सन्मानाने करू लागली. कचरा दारातूनच वर्गीकृत होऊन गेला, तर कचरावेचक स्त्रीचा हात काचेने कापत नाही आणि प्लॅस्टिकही खरकट्याने बरबटत नाही. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने बारीक वर्गीकरण करून ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत करायला घेतले आणि कचरा डेपोच्या जागी लोकांना फिरायला येण्यासारखी बाग केली. लहान गावाला हे जमते ते मुख्यतः रोजच्या देखरेखीमुळे.

पालिकांच्या यशाचे मोजमापही बदलायला हवे. किती टन कचरा उचलला यापेक्षा किती खाद्य कचरा एका रात्रीपुरताही उघड्यावर राहिला, हा आकडा अधिक बोलका आहे, विशेषतः जंगल, माळ, खाडी आणि किनारा यांच्या कडेच्या प्रभागांत. तो घटला तर उंदरांमार्फत येणारा लेप्टोस्पायरोसिस, श्वानदंशाच्या इंजेक्शनांवरचा खर्च, गुरांचे मृत्यू आणि बिबट्याची भीती या चारही गोष्टी एकदम उतरणीला लागतील. वन्यजीव संरक्षणासाठी अभयारण्ये आणि कायदे लागतातच, पण त्यांच्या सीमेबाहेरचे अन्न कोण पुरवतो याकडे दुर्लक्ष करून ते टिकत नाहीत. तो पुरवठा थांबवण्याचे पहिले साधन झाकणबंद डबा आणि वेळेवर येणारी घंटागाडी हेच आहे. वनखात्याच्या आणि आरोग्यखात्याच्या अर्थसंकल्पातही त्यासाठी तरतूद असायला हरकत नाही.