रोजच्या गिऱ्हाइकाची पारख

नागपूरच्या सक्करदऱ्यात बाहेर जेवणारे दोन तऱ्हेचे लोक दिसतात. काही घरी स्वयंपाकघर असूनही रविवारी संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन हौसेनं निघतात. काहींजवळ स्वयंपाकघरच नसतं. शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकायला जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली आणि आसपास खोली करून राहणारी मुलं, मेडिकलच्या रुग्णालयात भरती असलेल्या पेशंटच्या सोबतीला आलेले नातेवाईक, बुधवार बाजारात भाजीची पोती उतरवणारे हमाल, उमरेड रोडनं येणारे-जाणारे ड्रायव्हर हे सगळे या दुसऱ्या गटातले. पहिल्या गटाचं जेवण फसलं तर एक संध्याकाळ वाया जाते. दुसऱ्या गटातल्या माणसाच्या पोटाचा आणि खिशाचा त्या दिवसाचा सगळा हिशेबच कोलमडतो. म्हणून शहरात चांगलं जेवण कुठे मिळतं आणि दिलेल्या पैशाचं चीज कुठे होतं, हे कळून घ्यायचं तर या दुसऱ्या गटाची पावलं कुठे वळतात ते पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

जेवल्याशिवाय जेवण कसं आहे ते कळत नाही, या अडचणीचा अर्थशास्त्रात विचार झालेला आहे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये एक भेद मांडला. काही वस्तू घेण्याआधीच पारखता येतात, काहींचा गुण वापरल्याशिवाय कळत नाही. इतवारीच्या बाजारात साडी घेताना पदर उलगडून, पोत चाचपून पाहता येतो. वांग्याच्या भाजीचं तसं होत नाही. ती कशी झाली आहे हे कळेपर्यंत ती ताटात आलेली असते आणि तिचे पैसे आपल्या नावावर लागलेले असतात. मग अनोळखी माणूस बाहेरच्या खुणांवर भिस्त ठेवतो: दिवे, एसी, मेन्यूकार्डाची जाडी आणि आता मोबाईलवरचे तारे. या ताऱ्यांची ताकद मोठी आहे. मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास केला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. साखळी हॉटेलांवर मात्र हा परिणाम दिसला नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. म्हणजे ज्याच्याकडे मोठं नाव नाही त्या एकट्यादुकट्या मालकाचं पोट या ताऱ्यांवर चालतं. अशा वेळी त्याचं लक्ष कढईवरून हळूहळू फोटोकडे सरकलं, तर त्यात नवल नाही.

ताऱ्यांची ही मोजपट्टी आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. मिशेलिन ही फ्रान्सची टायर बनवणारी कंपनी. १९०० साली तिनं मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली, १९२६ पासून तीत हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली आणि १९३० च्या दशकात त्या ताऱ्यांचे अर्थ पक्के केले. वाट थोडी वाकडी करावी अशा हॉटेलाला दोन तारे आणि ज्याच्यासाठी मुद्दाम प्रवास करावा त्याला तीन. टायरवाल्यांनी अन्नाची थोरवी अंतरात मोजली, हे त्यांच्या धंद्याला धरूनच होतं. पण सक्करदऱ्यातल्या माणसाचं अंतर खोलीपासून चौकापर्यंतचं. त्याला प्रश्न पडतो तो वेगळा: उद्या पुन्हा इथेच जेवावं का? आणि परवा? लांबून एकदाच येणाऱ्याला जे दिपवतं, ते रोज येणाऱ्याला चौथ्या दिवशी नकोसं होतं.

रोजच्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या जेवणाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार खाणावळीत महिन्याच्या हिशेबानं जेवत आणि पगार झाला की पैसे चुकते करत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याच जातीचा व्यवहार नागपुरात मेसच्या नावानं चालतो. इथली मुलं मेस ‘लावतात’. मेसवाल्या काकूंच्या समोर महिनाभर तीच तोंडं येणार असतात. सोडा मारून फुगवलेलं, रंग घालून लाल केलेलं, कालच्या तेलात तळलेलं त्यांना परवडतच नाही, कारण तिसऱ्या दिवशी पोरांच्या छातीत जळजळ सुरू होते आणि महिना भरला की एक मुलगा जाताना खोलीतल्या दोघांना सोबत नेतो. मेसचं वरण पातळ असेल, पोळी एखाद्या दिवशी कडक होईल, पण तिथे फसवणुकीला जागा कमी असते. जी खाणावळ रोज त्याच माणसांना वाढते तिला आपला मान रोज नव्यानं राखावा लागतो. हायवेवरच्या ढाब्यावर तो धाक नसतो, कारण समोरचा पुन्हा येणार नाही हे मालकाला ठाऊक असतं.

आता पारख कशी करायची? त्याचं उत्तर मला या चौकातल्याच आयुर्वेद महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या एका ग्रंथात सापडतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, अन्नाचा विचार करताना आठ गोष्टी पाहाव्यात असं सांगितलं आहे: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काळ, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. वैद्यांनी ही यादी पथ्यासाठी केली. पण हॉटेलात बसून हिच्याकडे पाहिलं की ती फार कामाची निघते.

राशी, म्हणजे प्रमाण, यावर चरकानं केलेला भेद तर थाळीसाठीच केल्यासारखा वाटतो. ताटातल्या सगळ्या अन्नाचं मिळून प्रमाण तो सर्वग्रह म्हणतो आणि एकेका पदार्थाचं वेगळं प्रमाण परिग्रह. अनलिमिटेड थाळीत आपल्याला सर्वग्रह दाखवून बोलावलेलं असतं. बारा वाट्या, पाहिजे तेवढं घ्या. बसल्यावर परिग्रह पाहावा. भात, पापड, कढी यांचा वाढपी किती वेळा फिरतो आणि ज्या भाजीवर खरा खर्च झाला आहे तिचा किती वेळा? स्वस्त पदार्थांनी पोट भरून महागाचे पैसे घेणं हा थाळीचा जुना डाव आहे. याउलट डाळकांदा, दोन भाकरी, ठेचा आणि कांदा एवढंच वाढणाऱ्या जागी प्रत्येक गोष्ट मोजून दिलेली असते आणि तिथे पैसा कशाचा दिला हे आपल्याला कळतं.

करण म्हणजे संस्कार, अन्नावर झालेली क्रिया. मेन्यूकार्डावर दीडशे भाज्या लिहिलेल्या असतात तेव्हा त्या दीडशे क्रिया नसतात. लाल, पिवळी आणि पांढरी अशा ग्रेव्ही करून ठेवायच्या, मागणी आली की पनीर किंवा मटार किंवा कोफ्ता त्यात सोडायचा, वरून साय घालायची आणि नाव बदलायचं. पदार्थ जितके कमी तितकी त्यांची उलाढाल जास्त, आणि जितकी उलाढाल जास्त तितके ते ताजे. सूफी संत ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला देगीत रटरटणारं अन्न आठवावं. १९०८ मध्ये रघुजीराव भोसल्यांनी बाबांना आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणलं, आणि १९२५ मध्ये बाबा गेले तरी लोकांची रीघ आजही ताजबागच्या दर्ग्याकडे आहे. लंगरचा तो एकच पदार्थ हजारो माणसं खातात आणि चुलीवरून पानात यायला त्याला वेळ लागत नाही. धंद्याच्या जागीही हेच गणित लागू आहे.

करणात तेलही येतं. वारंवार तापवलेल्या तेलात घातक संयुगं वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाजवळ मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतं. आलूबोंडा सोडल्यावर कढईत फेस दाटून येत असेल, तेल काळपट आणि चिकट दिसत असेल, गॅस मोठा नसताना धूर निघत असेल, तर तिथून निघावं.

तर्री पोह्यांकडे मात्र थांबलंच पाहिजे, कारण नागपुरात कुठल्याही जागेची परीक्षा त्यावर होते. पोह्यांवर हरभऱ्याचा रस्सा आणि त्यावर तर्री. कांदा आणि आलं-लसूण शांतपणे परतून, मसाला तेल सोडेपर्यंत भाजला की तर्री आपोआप वर येते. तिचा रंग काळपट तांबडा असतो. ज्याला तेवढा वेळ द्यायचा नसतो तो तेल वेगळं तापवून त्यात रंगाचं तिखट टाकतो आणि पळीनं वरून सोडतो. ती तर्री भडक दिसते, प्लेटच्या कडेला लाल डाग ठेवून जाते. ओळखायची तर तर्री चमच्यानं बाजूला सारून खालचा नुसता रस्सा चाखावा. मसाला भाजलेला असेल तर त्या रश्श्यालाही चव असते, नाहीतर खाली हरभऱ्याचं पाणी असतं आणि वर तिखट. आणि पोहे सकाळी खावेत. काळाचा विचार चरकानं उगाच केलेला नाही. गरम पाणी मारून मारून अकरापर्यंत टिकवलेले पोहे हा निराळाच पदार्थ होतो.

देशाचा विचार करताना उमरेड रोडकडे पाहावं. हा रस्ता दिघोरीवरून उमरेडला आणि तिथून पुढे भिवापूरला जातो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण मानांकन मिळालं तरी तिचं क्षेत्र आटत गेलं आहे, आणि बाजारातलं बहुतेक तिखट दुसऱ्या मिरच्यांचं असतं. एखाद्या भोजनालयाच्या मालकाला मिरची कुठली वापरता असं सहज विचारावं. जो लगेच गावाचं, निदान दुकानाचं नाव घेतो आणि यंदा भाव काय आहे हेही सांगतो, त्याच्याकडे निश्चिंत बसावं. खरेदी ज्याच्या हातात असते त्याला भाव तोंडपाठ असतात.

या सगळ्याची कसोटी सावजीत लागते. हलबा कोष्टी विणकरांचं हे घरचं जेवण. हातमागावर दिवसभर बसणाऱ्या कष्टकऱ्यांचं. मागाचा धंदा बसला तेव्हा अनेक घरांनी पुढच्या खोलीत बाकडी टाकली आणि भोजनालय उघडलं. सावजीची कीर्ती तिखटाची झाली आणि तिथेच तिचं नुकसान झालं. नव्या जागा तिखट वाढवून नाव कमावतात. जुन्या घरात धने, खसखस, दगडफूल भाजायला वेळ देतात, आणि जवसाच्या तेलाची चव ज्यांनी घेतली आहे ते ती विसरत नाहीत. चांगल्या सावजीत तिखट घशाशी अडत नाही. घाम फुटतो, पण मसाल्यांची एकेक चव वेगळी लागत राहते. तिथे मटणासोबत खूर, वजडी, सुंदरीही असते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बकऱ्याचा कुठलाही भाग वाया न घालवणाऱ्या घराला मांस कळतं, आणि कमी पैसेवाल्यालाही त्याच चुलीचा रस्सा मिळतो. पाटोडीच्या रश्श्यालाही तोच मसाला असतो, म्हणून मांस न खाणाऱ्यानंही सावजीला जावं.

आठव्या गोष्टीला, उपयोक्त्याला, म्हणजे खाणाऱ्याला चरकानं शेवटी ठेवलं आणि फार मोठी जबाबदारी दिली. कोणाला काय सवयीनं मानवतं ते त्याच्यावर अवलंबून, असा त्याचा आशय. दुसऱ्याच्या ताऱ्यांवर आपलं जेवण ठरवू नये याला याहून भक्कम आधार मला सापडलेला नाही. एखाद्या जागेला दहा जण ‘एक नंबर’ म्हणतील, पण त्या दहांपैकी किती जणांच्या घरी आपल्यासारखं कमी तेलाचं जेवण होतं, हे तारे सांगत नाहीत. शेजारचे देशमुखकाका किंवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी यांची जीभ आपल्याला ठाऊक असते. त्यांचं एक मत शेकडो अनोळखी मतांना भारी पडतं.

बिलाचंही थोडं. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के लागतो. कंपोझिशन योजनेतल्या लहान हॉटेलांना तो कर स्वतः भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. सेवाशुल्क आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. बिलात ती ओळ दिसली तर सौजन्यानं काढून घ्यायला सांगावं. पण त्याच सौजन्यानं वाढप्याच्या हातात स्वतःहून काही ठेवावं, कारण चार तास उभं राहणाऱ्या त्या पोराचा पगार फारसा नसतो.

आणि पैशाचं चीज होणं हे फक्त जेवणाऱ्याच्या बाजूनं पाहू नये. सिलेंडर, शेंगदाण्याचं तेल, तूर डाळ यांचे भाव वर्षातून कितीदा हलतात हे घरात सामान भरणाऱ्याला ठाऊक आहे. त्याच भावात तीच थाळी वर्षानुवर्षं मिळत असेल तर कुठेतरी काहीतरी कमी झालेलं असतं: डाळीत पाणी वाढलं असेल, तेल बदललं असेल, नाहीतर भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी तिथेच अडकलेली असेल. एखादी चांगली खाणावळ फळ्यावरचा जुना आकडा पुसून दहा रुपये वाढवते तेव्हा रोजची गिऱ्हाइकं कुरकुरत नाहीत. एखादा ‘काकू, डाळ महागली ना?’ म्हणतो आणि बसतो. त्या दहा रुपयांत पुढच्या महिन्याचं वरण घट्ट राहण्याची हमी असते, आणि ज्या जागी हा व्यवहार असा उघडपणे होतो तिथे मी पाहुण्यांनाही घेऊन जातो.