नाते जुळते कशाने?

भाविकहो, एकाच घरात वाढलेल्या दोन भावांचे पटत नाही. आणि आळंदीहून पंढरपुरास निघालेल्या दिंडीत कालपर्यंत अनोळखी असलेली माणसे सुमारे २५० किलोमीटरची वाट एकमेकांच्या आधाराने चालतात. असे का घडावे?

दिंडीत वारकरी एकमेकांस 'माऊली' म्हणतात आणि लहान-थोर न पाहता परस्परांच्या पाया पडतात. नमस्कार जेथे दोन्ही बाजूंनी होतो, तेथे मोठेपणाचा वाद उरत नाही. घरी मात्र आपण केलेल्या उपकारांचा हिशेब ठेवतो आणि दुसऱ्याने आधी वाकावे अशी अपेक्षा धरतो.

वारीत कुरबुरी होत नाहीत असे नव्हे. सायंकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि टाळ-मृदंग शांत होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात आणि मगच आरती होते. दुखावलेल्याचे ऐकण्यासाठी माऊलींची आरतीही थांबते, हे ध्यानी घ्यावे.

हाच नियम आपल्या घरी पाळावा. ज्याच्याशी अबोला आहे, त्याचे म्हणणे आज सांजवातीपूर्वी मध्ये न बोलता ऐकावे आणि आपण प्रथम हात जोडावेत. श्रीचरणी अर्पिलेल्या दानाइतकीच ही सेवाही मोलाची आहे.

श्रींची कृपा आपणां सर्वांवर अखंड राहो. शुभं भवतु.