हजेरीच्या पुढचा रकाना

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या आणि आपला वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालये आली, नवे फलक लागले, नव्या नोंदवह्या उघडल्या. त्यांत एक वही शाळा सुटल्यावर भरणाऱ्या अभ्यासवर्गांची असावी, असे मला मनापासून वाटते.

नोंद म्हटली की आपल्याकडे हजेरी. पण संत्र्याचा तोडा लागला की मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहतात. कापूस वेचणीत घरेच्या घरे शेतावर असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार मेळा, तेव्हा वर्गात कोण येणार? हजेरीपटावर या सगळ्यांची खूण मात्र एकच. ‘का आले नाही’ एवढा एक रकाना वाढवला, तरी कोणत्या महिन्यात वर्ग उशिरा भरवायचा आणि कुठे तो वस्तीतच न्यायचा, हे कळू लागेल.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स, बोस्टन, न्यूयॉर्क अशा शहरांनी वॉलेस फाउंडेशनच्या मदतीने 2003 नंतर अशा नोंदींवर काम केले. कोणते मूल कोणत्या केंद्रावर किती दिवस येते, हे वेगवेगळ्या संस्थांच्या वह्यांतून काढून त्यांनी एका जागी आणले. आपल्याकडे ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ पाहणी 2005 पासून त्याहून साधी गोष्ट करते. मुलाच्या घरी जाऊन त्याच्यापुढे एक कागद ठेवायचा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. कुठे अडले ते कळले, की तिथून शिकवायला सुरुवात करता येते.

आपल्या भागात मात्र याआधी भाषा विचारायला हवी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून कितीतरी घरांत मराठी आणि शाळेत हिंदी. पाचवीतले पोर हिंदी परिच्छेदावर अडखळते आणि वहीत शेरा पडतो, ‘वाचता येत नाही’. तीच गोष्ट मराठीत वाचून दाखवा, ते तिचा शेवटही सांगेल. ज्याला अक्षरच ओळखता येत नाही आणि ज्याला शाळेची भाषा अजून सरावाची झालेली नाही, अशा दोघांना एका गटात बसवणे हा दोघांवरही अन्याय आहे. शाळांच्या यूडायस प्लस नोंदीत मातृभाषा विचारलेली असते. ते उत्तर वरच्या कार्यालयांत जाऊन थांबू नये, संध्याकाळी मुलांपुढे बसणाऱ्या ताईच्याही हाती यावे.

दर शनिवारी तिने आपल्याच वहीतून गैरहजर किंवा अडलेल्या मुलांची चार-पाच नावे काढावीत, त्या घरी जाऊन यावे आणि सोमवारचे गट त्यावरून पाडावेत. या कामासाठी तिला वेळ आणि मानधन दोन्ही मिळावे. दोनच तहसिलींच्या जिल्ह्याला हा खर्च जड जाऊ नये.