उरलेल्या सहा जणांचं काय?

रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला लग्नाच्या पंगतीत हमखास दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "एवढं सुचतं कसं?" दुसरा, मठ्ठ्याचा पेला हातात धरून, आवाज जरा खाली आणून, "पत्ता न लागणारं विष खरंच असतं का हो?" हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांत निवृत्त मुख्याध्यापक जास्त भरतात, असं माझं निरीक्षण आहे. मी गूढ हसतो. उत्तर मला माहीत नसतं, पण धंद्याची इभ्रत राखावी लागते.

मला स्वतःला छळणारा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. माझ्या कादंबरीत साधारण सात संशयित असतात आणि खुनी एक. म्हणजे सहा निरपराध माणसांवर मी दोनशे पानं चिखल उडवतो. वाचकाने त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघावं म्हणून रात्ररात्र जागतो आणि त्याचे पैसे घेतो. हे शोभतं का?

चिखल उडवणं सोपंही नसतं. खुन्याचं कारण काय, पैसा, सूड नाहीतर भीती. चौथं फारसं मिळत नाही. खरी मेहनत निरपराध माणसाच्या खोटं बोलण्यावर करावी लागते. भाचा त्या रात्री कुठे होता ते सांगत नाही, कारण त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेली आहे आणि घरी कोणाला माहीत नाही. काकू खोटं बोलतात, कारण त्या वेळी त्या नवऱ्याला न सांगता बांगडी मोडायला सराफ बाजारात गेल्या होत्या. लपवायला गुन्हाच लागतो असं नाही, नुसती लाजही पुरते. तीस वर्षं संशयित घडवून मला एवढं कळलं की चेहरा पडलेला माणूस दिसला, की तो चोर असण्यापेक्षा कर्जात असण्याची शक्यता जास्त.

बाबूराव अर्नाळकरांना ही भानगड फारशी करावी लागली नाही. चष्म्याचं दुकान सांभाळून या माणसाने हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली. मला एक लिहायला वर्ष लागतं आणि माझं तर दुकानही नाही. पण त्यांच्या झुंजार आणि काळापहाडच्या गोष्टींत 'कोणी केलं' यापेक्षा 'आता हा सुटतो कसा' याचीच धाकधूक जास्त. संशयाचा खेळ हा जास्त करून विलायती मामला. तिकडे रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूंनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम केले. त्यातला एक विचित्र वाटतो : कथेत चिनी माणूस आणू नये. कारण असं, की त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत चिनी माणूस दिसला की खलनायक तोच, हे ठरलेलंच असे. आपल्याकडे असे नियम कोणी केले असते, तर चिनी माणसाच्या जागी वॉचमन आला असता.

आमच्या सोसायटीतून मागे एक गिअरची सायकल गेली. रात्री पावणेदहाला ग्रुपवर तिचा फोटो पडला. दहाला वॉचमनमामांचं नाव निघालं, सव्वादहाला इस्त्रीवाल्या पोराचं, साडेदहाला दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलांचं. ज्यांचे स्वतःचे फ्लॅट आहेत त्यांच्यापैकी कोणाचंही नाव अकरापर्यंत निघालं नाही. पुढे मी झोपलो. त्याआधी मला दोन फोन येऊन गेले : "तुमचंच क्षेत्र आहे, जरा डोकं चालवा." दुसऱ्या दिवशी सायकल कॉलेज रोडवरच्या क्लासखाली सापडली. पाऊस आला म्हणून चिरंजीव मित्राच्या स्कूटरवरून घरी आले होते आणि सायकल विसरले होते. ग्रुपवर "मिळाली" एवढा एक शब्द आणि खाली चौदा अंगठे. मामांना कोणी काही बोललं नाही. बोलणार काय, त्यांच्यावर संशय होता हे तरी त्यांना कोणी तोंडाने कुठे सांगितलं होतं? फक्त दोघे जण रात्री त्यांच्या खोलीत 'सहज' डोकावून गेले होते. इतकी वर्षं फाटकापाशी बसलेल्या माणसाला कोण कशासाठी डोकावतो ते कळत नसेल, असं मला वाटत नाही.

कादंबरीत शेवटी डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो. हा प्रसंग खुन्याला पकडण्यासाठी असतो, असा समज आहे. खुनी काय, चौकीतही पकडता येतो. ती बैठक त्या सहा जणांसाठी असते. ज्यांच्यादेखत संशय घेतला गेला, त्यांच्याचदेखत तो काढून घेतला जातो. भाचा, काकू, माळी मोकळे होऊन उठतात. बाहेरच्या जगात संशय ग्रुपवर येतो आणि सुटका मनातल्या मनात होते.

आणि आमच्या नाशकातलं सगळ्यात गाजलेलं हत्याप्रकरण तर रहस्यकथाकाराच्या काही उपयोगाचं नाही. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन. गोळ्या कोणी झाडल्या हे भर प्रेक्षागृहाने पाहिलं. अनंत कान्हेरे तिथेच पकडले गेले. माझं पुस्तक पहिल्याच पानावर संपलं असतं. सरकारचं तिथून सुरू झालं, कारण 'कोणी केलं' हे मिटल्यावर 'हा कोणाकोणाच्या ओळखीचा' हा प्रश्न उरतो, आणि तो कुठे थांबवायचा हे सरकारच ठरवतं.

आर्थर कॉनन डॉयलना एकदा पुस्तकाबाहेर एक संशयित मिळाला होता. जॉर्ज एदलजी, मुंबईकडच्या पारशी घरातून ख्रिस्ती होऊन इंग्लंडात पाद्री झालेल्या गृहस्थांचा मुलगा, पेशाने वकील. रात्री शेतात जाऊन जनावरं भोसकल्याच्या आरोपावरून १९०३ साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सोडलं, पण कलंक तसाच. डॉयल त्याला भेटायला गेले, तेव्हा तो पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचत होता. डॉयल हे डोळ्यांचे डॉक्टर, म्हणजे एका अर्थी अर्नाळकरांचे धंदेबंधू. एवढ्या अधू नजरेचा माणूस काळोखात कुंपणं ओलांडून जनावरं कशी मारेल? १९०७ साली त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिले आणि त्याच वर्षी एदलजीला माफी मिळाली. भरपाई नाही मिळाली.

ही गोष्ट मी लोकांना अभिमानाने सांगतो आणि बहुतेकदा इथेच थांबतो. पण पुढे डॉयलना चैन पडेना. एक सुटला, मग केलं कोणी? त्यांनी त्याच भागातला दुसरा एक माणूस हेरला आणि तोच गुन्हेगार असल्याचं सरकारला पटवायचा सपाटा लावला. ते कधीच सिद्ध झालं नाही. म्हणजे शेरलॉक होम्सच्या निर्मात्यालाही एका निरपराध माणसाची सुटका हा पुरेसा शेवट वाटला नाही. हे वाचलं की मला माझ्याच हाताची भीती वाटते.

सध्याच्या कादंबरीत पंचवटीतल्या एका दवाखान्याचा कंपाउंडर चौदाव्या प्रकरणापर्यंत संशयित आहे. खुनी सापडल्यावर इन्स्पेक्टर त्याच्या घरी जातो, चहा घेतो, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून निघतो, असं दीड पान मी लिहिलं आहे. संपादक म्हणतात, खुनी सापडल्यावर वाचक थांबत नाही, हे काढा. आमची घासाघीस चालू आहे. काल ते अर्ध्या पानावर आले.