एका बटणाचा खेळ आणि आपले लक्ष



घरातल्या संगणकावर नेट गेलं की क्रोममध्ये एक करडा, ठिपक्याठिपक्यांचा डायनासोर दिसतो. मुलांना तो माहीत असतोच, आता आजोबा मंडळीही त्याला ओळखू लागली आहेत. नेट नसतानाचा कंटाळा जावा म्हणून गूगलने २०१४ साली हा खेळ तिथे ठेवला. स्पेसबार दाबला की तो पळतो, पुन्हा दाबला की उडी मारतो, आणि समोरून निवडुंग येत राहतात. पुढे उडणारे टेरोडॅक्टिल येतात, ७०० गुणांवर पडद्यावर रात्र होते, वेगही हळूहळू वाढतो. राजकन्या नाही, खजिना नाही. आदळेपर्यंत पळायचं, एवढंच.

आपल्या एका कुटुंब-ग्रुपवर कॉलेजात जाणाऱ्या मुलाने विचारलं, "हा खेळ खेळताना माझ्या मनात दुसरा विचारच येत नाही. मग यात आणि तुमच्या ध्यानात फरक काय?" कुणी हसण्याचे चेहरे टाकले, एक काका रागावले. आम्हाला मात्र प्रश्न आवडला. त्याला रागावून भागणार नाही.

आधी या खेळात माणूस सुधारतो कसा, ते पाहू. नवखा माणूस डायनासोरकडे बघत बसतो. पण डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा साधारण पाव भाग निघून जातो. म्हणून निवडुंग पायाशी आल्यावर दाबलेलं बटण उशिराचंच ठरतं. सरावलेला माणूस नजर उजव्या कडेला ठेवतो, निवडुंग उगवतात तिथे. आणि बटण टिचकीसारखं दाबतो. दाबून धरलं तर उडी उंच जाते, हवेत जास्त वेळ जातो, आणि खाली येईपर्यंत पुढचा निवडुंग दारात उभा! शिवाय मघाशी कसे थोडक्यात वाचलो, याचं कौतुक मनात घोळवायचं नाही. दर १०० गुणांना एक आवाज होतो, तिथे बरेच जण खुलतात आणि आपटतात. (तिहाई पुरी व्हायच्या आतच श्रोत्यांकडे बघून हसणारे तबलजी आपण पाहिलेत ना, तसंच.)

पुढे पाहा, हात सैल ठेवा, झालं ते सोडा. हे तर सत्संगात ऐकल्यासारखं वाटतं! मग मुलाचं बरोबर म्हणायचं का?

त्याची एकाग्रता खरी आहे, हे आम्ही मान्य करतो. पण पाण्यात एका पायावर उभा राहिलेला बगळाही एकाग्रच असतो. दुसरं असं की अशी कमाई फार दूर जात नाही. २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात ११,००० हून अधिक लोकांवरचा अभ्यास छापून आला. संगणकावरचे बुद्धीचे खेळ सहा आठवडे खेळून लोक त्या त्या खेळात सुधारले. इतर चाचण्यांत मात्र त्याचा फायदा दिसला नाही. तेव्हा डायनासोर चांगला पळवतो म्हणून पोरगं अभ्यासात किंवा वागण्यात सुधारेल, अशी आशा आईबापांनी धरू नये. आणि तो बिघडेलच, अशी भीतीही नको.

पण आमच्या मते खरा फरक वेगळाच आहे. खेळात कशाकडे लक्ष द्यायचं, हे दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवलंय. निवडुंग म्हणजे निवडुंग, त्यात शंका नाही. घरात तसं नसतं. सून आज गप्प आहे, ते दमल्यामुळे की दुखावल्यामुळे? वडील औषध घेतलं म्हणतात, पण पाकीट भरलेलं दिसतंय. शेजारी सहज बोलायला आलेत की त्यांना काही मागायचंय आणि जीभ उचलत नाही? यातलं काहीच उजव्या कडेने सरळ रेषेत येत नाही. आणि चुकलं तर खेळ संपल्याची पाटीही लागत नाही, कधीकधी वर्षांनी कळतं. इथे बोट चपळ असून भागत नाही, कारण अडचण कुठली हे ओळखण्यातच निम्मं लक्ष खर्च होतं.

म्हणून त्या मुलाला आम्ही खेळ सोड म्हणणार नाही. उलट एक विचारू. गुण १,२०० च्या वर गेलेत, आजवरचा उच्चांक आता मोडणार, बोट अगदी लयीत आलंय, आणि आतून आजीची हाक येते, "अरे, जरा हात दे, उठवत नाहीये." त्या वेळी तू काय करतोस? उत्तर ग्रुपवर टाकलंच पाहिजे असं नाही.