धनी आणि भांडारी : विसरलेल्या पासवर्डाचा एक तात्त्विक विचार

स्वतःच निवडलेला परवलीचा शब्द जो विसरला, तो त्या शब्दाने बंद केलेल्या वस्तूचा धनी उरतो की नाही, हा प्रश्न वरवर दुरुस्तीच्या दुकानातला वाटला तरी त्याची मुळे ज्ञान, स्मृती आणि स्वामित्व यांच्या संबंधात रुजलेली आहेत, आणि हातकणंगले तालुक्यात बसून त्याचा विचार करायचा तर त्यासाठी लागणारी परिभाषा फार दूर शोधावी लागत नाही. याच तालुक्यात कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्री २८ फूट उंचीची, १९६३ मध्ये प्रतिष्ठित झालेली बाहुबलींची संगमरवरी मूर्ती उभी आहे. बाहुबलींचीच श्रवणबेळगोळची विख्यात मूर्ती दहाव्या शतकात ज्या चामुंडरायाने उभारली, त्याचे दुसरे नाव गोम्मट होते, आणि त्या नावावरूनच नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्तींच्या प्राकृत ग्रंथाला ‘गोम्मटसार’ हे नाव मिळाले. या ग्रंथाच्या कर्मकांड नावाच्या भागात, जैन मताप्रमाणे जीवाला बांधणाऱ्या आठ कर्मांना दिलेल्या आठ उपमा प्रस्तुत प्रश्नाला आश्चर्य वाटावे इतक्या चपखल बसतात.

उपमांकडे वळण्यापूर्वी ज्याचा पासवर्ड विसरला जातो ते यंत्र, म्हणजे लॅपटॉप, समजून घेणे आवश्यक आहे. फर्मवेअर म्हणजे लॅपटॉपच्या मदरबोर्डावरील चिपमध्ये वसलेली प्राथमिक आज्ञावली. वीज मिळताच ती विंडोजच्या आधी जागी होते, यंत्राचे भाग तपासते आणि मगच पुढचा कारभार विंडोजच्या हाती सोपवते, म्हणून तिला लावलेला पासवर्ड हार्ड डिस्क बदलून किंवा विंडोज नव्याने टाकून जात नाही. पुष्कळ जुन्या यंत्रांत हा पासवर्ड सीमॉस नावाच्या लहानशा स्मृतीत राहतो आणि ती स्मृती सीआर-२०३२ सारख्या तीन व्होल्टच्या बटणसेलवर जगते, त्यामुळे चार्जर व मुख्य बॅटरी काढून तो सेल काही मिनिटे बाहेर ठेवला की पासवर्ड पुसला जातो, आणि यंत्राचे घड्याळही तारीख विसरून कुठल्या तरी मागल्या वर्षी जाऊन बसते. व्यवसायासाठी बनवलेल्या अनेक लॅपटॉपांत मात्र तो ईईप्रॉम नावाच्या, विजेशिवायही लिहिलेले टिकवणाऱ्या चिपमध्ये असतो. तिथे सेल काढून काहीच साधत नाही, उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राची वाट धरावी लागते, आणि काही यंत्रांच्या बाबतीत तर उत्पादक मदरबोर्ड बदलण्यावाचून दुसरा उपाय सांगत नाही.

आता उपमा. ज्ञानावरणीय कर्म, म्हणजे जाणण्याची शक्ती झाकणारे कर्म, मूर्तीवर टाकलेल्या वस्त्रासारखे आहे. दर्शनावरणीय कर्म राजाच्या दारातल्या द्वारपालासारखे आहे, जो भेटच होऊ देत नाही. आणि अंतराय कर्म भांडाऱ्यासारखे आहे, म्हणजे धन्याने ‘दे’ म्हटले तरी जो कोठार उघडत नाही. विसरलेला पासवर्ड प्रथमदर्शनी द्वारपाल वाटतो, पण खरे साम्य भांडाऱ्याशी आहे, कारण इथे अडवला जातो तो परका नव्हे, खुद्द धनी. अंतरायाचे पाच भेद सांगताना शास्त्र एकदाच भोगायच्या अन्नासारख्या वस्तूंतील अडथळ्याला भोगांतराय आणि पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्त्रासारख्या वस्तूंतील अडथळ्याला उपभोगांतराय म्हणते. त्या वर्गवारीत कपाटातला बंद लॅपटॉप उपभोगांतरायाखाली येईल.

भांडारी धन्याला ओळखत का नाही, याचे उत्तर प्रमाणशास्त्रात आहे. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. न्यायदर्शनाने स्मृतीला प्रमाण मानले नाही, कारण ती नवा अनुभव नसून जुन्या अनुभवाच्या संस्कारावर उभी असते. जैन परंपरेत अकलंकदेवांनी आठव्या शतकात तिला प्रमाणांत स्थान दिले, आणि पुढे माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’ ग्रंथात स्मृती, प्रत्यभिज्ञान म्हणजे ‘हा तोच’ अशी ओळख, तर्क, अनुमान आणि आगम म्हणजे विश्वसनीय वचन असे परोक्ष प्रमाणाचे पाच भेद आले. फर्मवेअर यांतले पहिले तेवढे जाणते. माणूस तोच आहे, यंत्र त्याच्याच घरात आहे, पावतीवर त्याचेच नाव आहे, यांतले काहीही त्याच्यापुढे चालत नाही, आणि ज्याने तो शब्द चोरून ऐकला त्याला मात्र ते निमूटपणे आत घेते. स्मृतीचा इतका कडवा पुरस्कार अकलंकांनीही केला नव्हता. सेवा केंद्र पावती मागते तेव्हा ते प्रत्यक्षात आगमप्रमाणाकडे वळत असते, आणि अधिक शहाणे ठरते.

सेल काढल्याने विस्मृती दूर होते, असे मात्र म्हणता येत नाही. अद्वैत वेदान्तात नदी ओलांडलेल्या दहा जणांचा दृष्टान्त आहे. मोजणारा स्वतःला सोडून नऊच मोजतो आणि ‘दहावा तूच’ असे कळताच त्याचा शोक संपतो. तिथे मुक्ती ही विसरलेल्याची ओळख आहे. सेल काढणाऱ्याला काहीच आठवत नाही. बंधच नाहीसा होतो. जैन परिभाषेत ही निर्जरेची, म्हणजे कर्म झडून जाण्याची बाजू आहे. गढूळ पाण्यात निवळी टाकली की गाळ खाली बसतो पण ढवळताच वर येतो, हा उपशम. निवळलेले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले की गाळ उरत नाही, हा क्षय. काही उत्पादकांच्या यंत्रांत पडद्यावरच्या संकेतावरून पर्यायी पासवर्ड काढता येतो. तेवढ्याने आत जाऊन जुना पासवर्ड तसाच ठेवणे हा उपशम ठरतो आणि तो पुसणे हा क्षय. उपशम शास्त्राने मोहनीय, म्हणजे मोह उपजवणाऱ्या, कर्मापुरताच मानलेला असल्यामुळे ही तुलना फार ताणू नये. शिवाय क्षयालाही किंमत असते : डिस्कवर बिटलॉकर या विंडोजमधल्या सुविधेचे कुलूप असेल तर फर्मवेअरची मांडणी बदलताच यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते, आणि ती नसेल तर दार उघडूनही कोठारातले धान्य हाती लागत नाही.

अचौर्यव्रताच्या दृष्टीने, म्हणजे न दिलेले न घेण्याच्या व्रताच्या दृष्टीने, स्वतःच्या यंत्राचे कुलूप काढणे ही चोरी नव्हे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ देखील मालकाच्या अथवा ताबाधारकाच्या परवानगीवाचून केलेल्या प्रवेशालाच दोष देते. खरी अडचण वेगळी आहे. ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधले जाते, याची कारणे सांगताना ‘तत्त्वार्थसूत्र’ निह्नव हे एक कारण देते. निह्नव म्हणजे विचारणाऱ्यापासून ज्ञान दडवणे. हिशेबाच्या वह्या परक्यापासून राखणे हा निह्नव खासच नव्हे, परंतु ज्या पेढीचा सारा हिशेब एकाच लॅपटॉपात आहे आणि त्याचा शब्द एकाच माणसाच्या डोक्यात आहे, तिथे त्या माणसाच्या पश्चात भांडारी तेवढा मागे उरतो. इचलकरंजीचा सूतव्यापारी असो की हुपरीचा चांदी कारागीर, त्याने जुन्या यंत्राची खरेदीपावती फेकू नये, आणि पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, त्या पावतीसोबत घरातल्या एका विश्वासू माणसाच्या हाती आजच द्यावा.